गलबताचं आख्यान

"वय काय तुझं?"

"चाळीस."

बिन्यामिनकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. "हसकेल, तुझ्या सुंतेला मी कापूस धरून उभा होतो. तुला चाळीस व्हायला अजून नऊ वर्षं आहेत."

"मग असं समजा काका, नऊ वर्षं आगाऊ जगून झालीत."

"कब्बाला शिकायचा तर चाळिशी उलटलेली लागते. पोटाला भाकर लागते, घरी बायको लागते आणि तोंड बंद ठेवता यावं लागतं."

"यातल्या दोन गोष्टी आहेत की माझ्याकडे."

"भाकरही बायकोच मिळवते असं ऐकतो. म्हणजे एकच धरू."

शब्बाथची दुपार होती. काकांच्या ओटीवर मी बसलो होतो आणि समोर काळ्या मनुकांचं शरबत होतं. आम्ही बेने इस्राएल, अलिबागेकडचे. शनिवारी चूल पेटवत नाही, धंदा करत नाही, त्यामुळे शनिवारी दुपारी माणसाला एक तर झोप येते नाहीतर देव आठवतो. मला तिसरंच आठवलं होतं.

बिन्यामिनकाका एडनला सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं कंपाउंडर होते. तिथे एका येमेनी सोनाराच्या दुकानात मागल्या बाजूला बसून ते कब्बाला शिकले, म्हणजे आमच्या धर्मातली आतली विद्या. देवानं जग कसं केलं, का केलं आणि त्यात आपण कुठे बसतो, असलं काहीतरी. गावात बोलवा होती, की काकांना देवाची बहात्तर गुप्त नावं पाठ आहेत, त्यांनी एडनला नुसत्या फुंकरीनं विंचू उतरवला आणि एकदा आगबोट बुडता बुडता थांबवली. यातला विंचू खरा असेल. आगबोट मी सोडून दिली होती.

कारण मी कीर्तनकार होतो. पोटासाठी सोडावॉटरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक यंत्र, आणि ते फिरवायला मिल्का, माझी बायको. पण अष्टागरात मला ओळखत ते कीर्तनकार हसकेल म्हणून. आमच्यात मराठीतून कीर्तन करायची रीत होती, अगदी पूर्वरंग-उत्तररंगासकट. नवस फेडायला कुणी मलिदा केला, म्हणजे पोहे, गूळ, खोबरं आणि पाच फळं मांडून एलियाहू हन्नाबी या आमच्या संदेष्ट्याचं नाव घेतलं, की संध्याकाळी माझं आख्यान. माझं ठरलेलं आख्यान गलबताचं. आमचे पूर्वज दोन हजार वर्षांपूर्वी गलबतातून निघाले, नवगावच्या समुद्रात गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून आम्ही सगळे झालो, अशी आमच्यातली जुनी गोष्ट. मूळची चार ओळींची. मी ती अडीच तासांवर नेली होती. माझ्या आख्यानात वादळ पाऊण तास चाले. त्यात तीन देवमासे होते. पुढे पाच झाले.

पण अलीकडे लोक मधूनच उठत. एसटीची शेवटची गाडी गाठायची असे. मला वाटलं, कब्बालात असा एखादा मंत्र असणारच, की तो पुटपुटला की श्रोत्याला जागचं हलता येऊ नये.

हे मी काकांना अर्थातच सांगितलं नाही. त्यांना सांगितलं, "मला अहंकार जिंकायचाय."

"कुणाला दाखवायला?" त्यांनी विचारलं.

यावर मी शरबत प्यायलो.

शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. पण मी कंपाउंडर आहे. डोसानं देणार. बाटली एकदम तोंडाला लावायची नाही." त्या काळी औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवत, एक खाच म्हणजे एक डोस. "पहिली खाच. आठवडाभर कुणी काही सांगायला लागला, की मध्ये तोंड घालायचं नाही. त्याचं संपू द्यायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

रविवार मी काढला. सोमवारी न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो, तोंडाला साबण होता, म्हणून तोही निघाला. मंगळवारी कोळीण दारात आली आणि सांगायला लागली, की काल तिच्या नवऱ्याला हातभर सुरमई मिळाली. मी दाताखाली जीभ धरली. ती म्हणाली, असली सुरमई आजवर कुणी बघितली नाही. आता माझ्याकडे दोन हातांची सुरमई तयार असताना माणसानं किती सोसायचं? मी बोललो. मग ती म्हणाली तीन हातांची. दुपारपर्यंत आम्ही होडीपेक्षा मोठ्या माशावर येऊन पोचलो आणि मिल्कानं आतून विचारलं, "आता तो शिजवायचा कशात, तेही ठरवा."

काका रागावले नाहीत. दर शब्बाथला तोच डोस देत राहिले. जोडीला पुस्तकातली एक ओळ वाचत, मग तिचा अर्थ सांगत. दोन महिन्यांनी एका दुपारी त्यांनी सांगितलं, "आधी सगळीकडे तोच होता. खाली तो, वर तो, मध्ये तो. जग करायचं मनात आलं, पण ठेवणार कुठे? जागाच नव्हती. मग त्यानं काय केलं?"

"जागा केली."

"कशी?"

"देवाला काय अवघड?"

"एसटीत तिघांच्या बाकावर तू बसलायस आणि चौथा आला, तर काय करतोस?"

"झोपेचं सोंग घेतो."

काका हसले. मग म्हणाले, "चांगला माणूस काय करतो?"

"सरकतो."

"तो सरकला. अंग आखडून घेतलं त्यानं. मधली जी रिकामी जागा झाली तिथे हे जग बसलं. ही विद्या एवढीच आहे, हसकेल. बाकीची पानं म्हणजे याचंच टिपण."

मला ते इतकं आवडलं, की मी ते घरी नेलं, घासलं, पुसलं आणि पुढच्याच आठवड्यात पेझारीला एका बारशाच्या मलिद्यात पूर्वरंगात ठेवून दिलं. "मंडळी, देव सरकला, म्हणून जग बसलं," असं म्हणून मी हात पसरले. लोक वा वा करत राहिले. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. एसटीसाठी कुणी उठलं नाही. शेवटच्या रांगेत बिन्यामिनकाका बसले होते. त्यांनी जाताना माझा हात हातात घेतला आणि "आवाज छान लागला होता" म्हणाले.

त्या शनिवारी गेलो, तर शरबत होतं, पुस्तक नव्हतं.

"औषध तू प्यायला नाहीस," काका म्हणाले. "विकलंस."

"पण काका, लोकांचं भलंच झालं ना?"

"त्यांचं झालं असेल. तू एकदा स्वतः घे. घेतलंस की ये."

"आणि तोवर?"

"तोवर शरबत आहेच."

मला राग आला. इतकी वर्षं अष्टागरानं डोक्यावर घेतलेला माणूस मी, आणि हा मला खाचा मोजायला लावतो. मी जाणं बंद केलं.

फाल्गुनात रूबेन कारखान्यावर आला. रूबेन झिराडकर. भातगिरणीत कामाला आणि माझ्या कीर्तनात पेटीला. अकरा वर्षं तो माझ्या उजव्या हाताला, एक पाऊल मागे बसत आला होता. बोलायचा कमी. इतका कमी, की त्याला खोकला झाला तेव्हाच मला कळलं याचा आवाज बारीक आहे. त्या वर्षी आमच्यातली बरीच घरं इस्राएलला निघाली होती. रूबेनही निघाला होता, बायको आणि दोन मुलींना घेऊन. त्याची आई, शेगुलाबाई, जाणार नव्हती. तिची नजर जवळपास गेलेली होती आणि मत पक्कं होतं. "तिकडे नारळ होत नाही म्हणतात. मी काय वाटू आणि काय रांधू?" ती म्हणायची आणि विषय संपायचा. ती चौलला मुलीकडे राहणार होती. जाणाराही जाणून होता आणि राहणारीही, की ही भेट शेवटची.

"हसकेलभाऊ," तो यंत्राजवळ उभा राहून म्हणाला, "खंडाळ्याच्या मलिद्याला आख्यान मी लावू का?"

निघणाऱ्या घरांनी मिळून आमच्या अलिबागेजवळच्या खंडाळ्याला मोठा मलिदा ठरवला होता. तिथे एक खडक आहे. त्यावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या चाकाच्या खुणा आहेत, असं आमचे लोक मानतात. अकरा गावांतली माणसं यायची होती. निम्मी माणसं त्यानंतर दर्यापार जाणार. म्हणजे मी हिशेब केलाच होता. माझ्या उभ्या आयुष्यात एवढा जमाव मला पुन्हा मिळणार नव्हता. देवमासे मी सातवर नेऊन ठेवले होते.

"तू आख्यान लावणार? मग पेटी कोण वाजवणार, मी?"

"चालेल," तो म्हणाला.

मी हसलो. तो हसला नाही.

"आई म्हणते, अकरा वर्षं तुझी पेटी ऐकली, तुझं तोंड कधी ऐकलं नाही. एकदा ऐकव."

"अरे, मग घरी ऐकव की. उभा राहा आणि ऐकव."

तो यंत्राकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणून गेला. वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं. समोरचा वाद घालत नाही, तेव्हा वाद आपला आपल्याशीच सुरू होतो.

मिल्का बाटल्या पुसत होती. ती म्हणाली, "अकरा वर्षांत त्यानं एक गोष्ट मागितली."

"पण कुठली मागितली बघ ना. नेमकी माझी."

"तुझ्याकडे दुसऱ्याची असती, तर त्यानं ती मागितली असती."

रात्री जेवताना मला युक्ती सुचली. आता पंचाहत्तर वर्षांच्या मापानं बघितलं, तर इतकी चांगली युक्ती मला त्याआधी किंवा नंतर सुचलेली नाही. रूबेनला उभं करायचं. लोकांसमोर मोठ्या मनानं त्याला जागा द्यायची, स्वतः पेटीवर बसायचं. बारीक आवाज, सवय नाही, समोर एवढी माणसं. अर्ध्या तासात तो अडणार. अडला की सगळ्या माना माझ्याकडे वळणार. आणि मग मी बसल्या जागेवरून, पेटी न सोडता, पहिली गर्जना करायची: "आणि तेवढ्यात समुद्र उठला." तिथून वादळ माझं. लोक म्हणतील, नम्रतेनं मागे बसला होता, वेळ पडली तेव्हा उठला. म्हणजे आख्यानही मिळालं आणि अहंकार जिंकल्याचं नावही मिळालं. काकांनाही दाखवता आलं असतं, घेतला बघा डोस.

सकाळी भातगिरणीत जाऊन मी त्याला म्हणालो, "लाव बाबा, तूच लाव. तुझ्या आईसाठी. मी पेटी धरतो."

त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "उपकार झाले," म्हणाला.

बातमी फिरली. जो तो मला रस्त्यात थांबवून म्हणायचा, हसकेलभाऊ, मन मोठं हवं हो. मी खाली बघायचो. खाली बघण्याचाही सराव मी आरशासमोर केला होता.

मलिद्याच्या दिवशी खंडाळ्याला दोन-तीन हजार माणसं होती. बरं, चारशे. दुपारी मलिदा झाला. ताटातले पोहे, गूळ, खोबरं वाटून झालं, मुलांनी केळ्यांवरून मारामारी केली आणि उन्हं कलायच्या सुमाराला खडकाच्या सावलीत सतरंज्या अंथरल्या. बाया डाव्या अंगाला. शेगुलाबाईंना सगळ्यांनी पुढे आणून बसवलं. बिन्यामिनकाका आपल्या सवयीनं शेवटी.

रूबेन उभा राहिला. धोतराचं टोक मुठीत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मी त्याच्या उजव्या हाताला, एक पाऊल मागे, पेटी घेऊन बसलो. इथून मला त्याची पाठ तेवढी दिसत होती. अकरा वर्षं यानं माझी पाठ बघितली, असं एकदा मनात येऊन गेलं आणि मी ते बाजूला सारलं. पेटी मला चार चाली वाजवण्यापुरती येत होती.

तो बोलायला लागला. आवाज बारीक होता, पण पोचत होता, कारण लोकांना कान पुढे करावे लागत होते. त्यानं देवमासे घेतले नाहीत. गलबतात कोण होते ते सांगितलं. एक तेल गाळणारा होता, त्यानं घाण्याचा लहानसा दांडा बरोबर घेतला होता. एक बाई सात महिन्यांची पोटुशी होती. एकाला गलबत लागायचं आणि तो सारखा माफी मागायचा. लोक हसले. माझ्या आख्यानात गलबतात माणसं नव्हतीच, नुसता समुद्र होता. अर्धा तास झाला. मी वाट बघत होतो. मग त्यानं सांगितलं, की गलबत फुटलं. एवढंच, एका वाक्यात. सकाळी वाळूवर सात पुरुष आणि सात बाया होत्या, आणि बाकीच्यांना त्यांनी तिथेच माती दिली.

आणि तो थांबला.

आधी वाटलं दम खातोय. मग दिसलं, त्याच्या मानेवर घाम आला होता आणि मूठ घट्ट झाली होती. एक झांजवाला माझ्याकडे बघायला लागला. मग पुढची रांग. मग तिच्या मागची. मी ठरवलं होतं तसंच, अगदी तसंच, सगळ्या माना वळल्या. पोटापासून श्वास भरून घेतला. "आणि तेवढ्यात" हा शब्द जिभेवर येऊन बसला.

आजवर सांगताना मी ती शांतता सात मिनिटांची करत आलो. खरी दीड मिनिटाची असेल.

चारशे माणसं माझ्याकडे बघत होती आणि एक बघत नव्हती. शेगुलाबाई. तिची मान जराशी तिरकी होती, कान मुलाकडे होता. तोंडावर काळजी नव्हती. तिला ठाऊकच नव्हतं की तो अडलाय. तिच्या लेखी ही शांतता आख्यानातच होती आणि तिच्या मुलाची होती. ती तीही ऐकत होती.

तेवढ्यात रूबेननं मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि मला एक गोष्ट आठवली, जी मला अकरा वर्षं माहीत होती आणि कधी कळली नव्हती. मी कीर्तनात थांबायचो. लोक म्हणायचे, हसकेल काय थांबतो, अंगावर काटा येतो. मी थांबायचो कारण मी विसरलेला असायचो. दर वेळी, न चुकता. आणि दर वेळी माझ्या मागून पेटीचा एक सूर लागायचा, एकच, न हलणारा, मला पुढचं सापडेपर्यंत चालू राहायचा. त्या सुरामुळे लोकांना वाटायचं हे असंच बसवलेलं आहे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. इतकी वर्षं मी त्या सुराला माझं थांबणं समजत होतो.

भरलेला श्वास मी सोडून दिला. भाता ओढला आणि एक पट्टी दाबली. कुठली दाबायची ते माहीत नव्हतं. सूर लागला तो काही धड नव्हता, पण लागला. मी तो धरून ठेवला.

रूबेननं पुन्हा पुढे तोंड केलं.

"आता मी मागे जातो," तो म्हणाला. "गलबत जिथून निघालं तिथे. तिथे काठावर कोण उभं होतं, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. या चौदा जणांना आया असतील. बुडालेल्यांनाही असतील. त्या गलबत दिसेनासं होईस्तोवर उभ्या राहिल्या आणि घरी जाऊन त्यांनी चूल पेटवली. गलबत फुटलं हे त्यांना कधीच कळलं नाही. त्या मरेपर्यंत म्हणत राहिल्या, पोचली असतील पोरं. आणि बघा, आपण इथे आहोत. म्हणजे त्यांचं खरंच होतं. पोचली."

तो बराच वेळ बोलला असेल, मला तेवढंच आठवतं. मला पुढचं ऐकू येत होतं आणि दिसत नव्हतं. ही गोष्ट मी दोनशे वेळा सांगितली होती. पहिल्यांदा ऐकत होतो.

शेगुलाबाई मात्र रडली नाही. संपल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "आवाज बापावर गेलाय. बारीक आहे, पण फाटत नाही."

लोक रूबेनभोवती गोळा झाले. माझ्याकडे कुणी आलं नाही. मी पेटी बांधली. आता यावर गप्प बसलो असतो तर गोष्ट वेगळी होती. पण दोन दिवसांत माझी मलाच एवढी कमाल वाटायला लागली, की शब्बाथची वाट न बघता मी काकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. चारशे माणसं, वळलेल्या माना, जिभेवरचा शब्द, आणि मी तो कसा गिळला. युक्ती तेवढी वगळली.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हे आजवर किती जणांना सांगितलंस?"

"फार नाही. सहा-सात."

"नाव घेऊन सांग."

मी नावं घेतली. अकरा निघाली. बारावा न्हावी होता.

"मागच्या खेपेला विकलंस," काका म्हणाले. "या खेपेला प्यायलास, पण उलटून पडलं. असं होतं. काहीतरी आत आधीचं राहिलेलं असलं की औषध ठरत नाही. यातलं काय वगळलंयस?"

मी उठायला लागलो.

"मला नको सांगू. मी फुकट ऐकणारा माणूस. ज्याला सांगायला सगळ्यात जड जाईल त्याला सांग. सोमवारी लाँच आहे ना त्याची?"

यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. मिल्कालाही नाही, आणि तिला मी न घडलेल्या गोष्टीसुद्धा सांगत आलो. पण गेल्या महिन्यात इस्राएलमधल्या बीरशेब्याहून रूबेनच्या धाकट्या मुलीचा फोन आला, की बाबा गेले. तिला मराठी अजून येतं, थोडं जुनं, आमच्याच काळातलं. ती म्हणाली, शेवटी शेवटी तुमच्या कीर्तनाची फार आठवण काढायचे. तेव्हा वाटलं, आता ही गोष्ट धरून ठेवणारा मी एकटाच उरलो, आणि माझा भरवसा नाही.

रेवसच्या धक्क्यावर सोमवारी सकाळी गर्दी होती. शेगुलाबाई नव्हती, तिनं निरोप घरूनच दिला होता. रूबेन ट्रंकेला दोरी आवळत होता. मुली ट्रंकेवर बसल्या होत्या. मी त्याला जरा बाजूला घेतलं.

"रूबेन, मी तुला आख्यान दिलं ते तू आपटावास म्हणून. तू अडलास की मी उठणार होतो."

त्यानं दोरीची गाठ पुरी केली. "ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"गिरणीत येऊन मला बाबा म्हणालात तेव्हापासून. अकरा वर्षांत तुम्ही मला कधी बाबा म्हणाला नव्हतात."

"तरी उभा राहिलास?"

"आईनं सांगितलं होतं ना."

मी म्हणालो, "पण तू अडलास. माझ्या हिशेबानं तू बरोबर अडलास."

तो संकोचला. ट्रंकेकडे बघितलं, मुलींकडे बघितलं. त्याला सांगायचं नव्हतं, हे आज मला कळतं. तेव्हा मी अडून राहिलो.

"मी अडलो नव्हतो, हसकेलभाऊ," तो म्हणाला. "काठावरचं सगळं माझ्या तोंडात तयार होतं. दोन महिने भात सडताना तेच म्हणत होतो. पण गलबत फुटलं म्हणालो आणि वाटलं, वादळ यांचं आहे. अर्धा तास आईनं मला ऐकलं, माझं काम झालं. यांना मात्र एवढी माणसं पुन्हा मिळायची नाहीत. म्हणून थांबलो. तुमचा श्वास मागून ऐकू आला. तो मी ओळखतो, तो भरलात की समुद्र उठतो. म्हटलं, आता घेतील. तुम्ही घेईनात, म्हणून वळून बघितलं."

"आणि मी घेतलं असतं तर? ते काठावरचं?"

"घरी सांगितलं असतं आईला. तुम्हीच म्हणाला होतात की."

लाँचचा भोंगा झाला. त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली, माझ्या दंडाला हात लावला आणि दोन पावलं गेल्यावर मागे वळून म्हणाला, "सूर मात्र चुकलात. काळी चार धरायची असते."

लाँच गेली. मी तिथे किती वेळ होतो ते माहीत नाही. खंडाळ्याला मी जागा दिली, असं मी बारा जणांना सांगितलं होतं. मला सुचायच्या आधीच ती कुणीतरी मला देऊन ठेवलेली होती, आणि सांगितलं नव्हतं.

त्या शनिवारी दुपारी मी काकांच्या ओटीवर गेलो. शरबत होतं. शेजारी पुस्तक होतं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

माझ्याकडे त्या दिवशी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट होती. तीत एक शब्द वाढवायची गरज नव्हती. शेवटाला अशी फिरायची, की ऐकणारा जागेवरून उठला नसता. आणि ऐकणारा समोर बसून विचारत होता.

"ते त्याचं आहे, काका," मी म्हणालो.

काकांनी चष्मा खाली ओढून घेतला. पुस्तक उघडलं आणि एक ओळ वाचली. मला तिचा एकही शब्द कळला नाही. त्यांनी पुढची वाचली. मी ऐकत बसलो.